वाट अडलेली नस

हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की यवतमाळ जिल्ह्यात तिला साधारण चारांपैकी एक उत्तर मिळतं. कॅल्शियम कमी आहे, वात आहे, अशक्तपणा आहे, नाहीतर मानेच्या मणक्यात गॅप आहे. मग गोळ्या, मालिशचं तेल, सलाईन किंवा एमआरआयसाठी शहराची फेरी, ज्याच्या खिशाला जे झेपेल ते. ही चारही कारणं कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत खरी असतात. पण ज्या हाताची करंगळी शाबूत आहे आणि उरलेली साडेतीन बोटं रात्री बधिर होतात, त्या हाताचं उत्तर बहुतेक वेळा या चारांत नसतं. ते मनगटात असतं, आणि तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

हे पुस्तक अशा जागांबद्दल आहे. नस, म्हणजे इथे आणि पुढेही मज्जातंतू, शरीरातून जाताना काही ठरावीक ठिकाणी अरुंद वाटेतून जाते. खाली हाड आणि वर चिवट, न ताणणारा पडदा, अशी ती वाट असते. तिथे जागा कमी पडली की नस चेपते. सुरुवातीला नस स्वतः धडधाकट असते, अडचण वाटेत असते. म्हणून वाट मोकळी केली की दुखणं जातं, आणि ती वेळेत मोकळी केली नाही तर आधी नस जाते आणि मग हात जातो. हे ज्यांना सर्वांत आधी दिसतं त्या आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि गावात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. ज्याचा हात दुखतो त्यानंही ते वाचावं.

मटण कापताना मांसावर एक पांढरट, चिवट पापुद्रा दिसतो. सुरी त्यावरून घसरते, तो हातानं ओढून काढावा लागतो. तसाच पापुद्रा आपल्याही अंगात आहे, आणि तो एके ठिकाणी नाही. कातडीखाली, प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूंच्या गटांमध्ये, हाडांवर, रक्तवाहिन्यांवर आणि नसांवर असा तो डोक्यापासून पायापर्यंत सलग पसरलेला असतो. पुस्तकी भाषेत याला संयोजी ऊती म्हणतात आणि त्यातल्या पडद्यासारख्या भागाला प्रावरणी. कोलॅजनच्या धाग्यांनी तो विणलेला असतो आणि त्याच्या थरांमध्ये बुळबुळीत द्रव असतो, त्यामुळे एक थर दुसऱ्यावरून सहज सरकतो. काही ठिकाणी हाच पडदा जाड होऊन पट्टा बनतो. मनगटाच्या पुढच्या बाजूला, कोपराच्या मागे, घोट्याच्या आतल्या अंगाला, जांघेत असे पट्टे आहेत. स्नायूंच्या दोऱ्या हाडाला धरून राहाव्यात, हात वाकवला की त्या उचलल्या जाऊ नयेत, यासाठी ते लागतातच. पण त्याच पट्ट्याखालून नसही जाते.

नसेला जिवंत राहायला दोन गोष्टी हव्यात, रक्त आणि सरकायला जागा. हात लांब केला, कोपर वाकवलं, मान वळवली की नस तिच्या वाटेत पुढेमागे होते, परकराच्या नेफ्यात नाडी सरकते तशी. मनगटापाशी हे सरकणं सेंटीमीटरभर तरी असतं. सूज आली, चिकटा धरला, पट्टा जाड झाला की सरकणं थांबतं आणि प्रत्येक हालचालीला नस ताणली जाते. रक्ताचं गणित आणखी नाजूक आहे. नसेच्या आतल्या बारीक शिरांमधून रक्त परत जातं ते अगदी कमी दाबानं. बाहेरून पाऱ्याचा 20 ते 30 मिलिमीटर दाब पडला तरी ते अडायला लागतं. म्हणजे बीपीच्या यंत्रावर आपण ज्या दाबाकडे लक्षही देत नाही, तेवढ्यानं. रक्त तुंबलं की नस सुजते, सुजली की वाट आणखी अरुंद होते, आणि मग बाहेरून काही न वाढताही दाब आपोआप वाढत जातो. नसेच्या पेशीचा गाभा मणक्याजवळ असतो. बोटाच्या टोकाला लागणारा सगळा माल तिथून अडीच फुटांच्या आसपास खाली वाहून न्यावा लागतो. वाटेत दाब पडला की ही वाहतूकही मंदावते, म्हणून अडचण मनगटात असते आणि दुःख बोटांत.

मनगटाची वाट मी या पुस्तकात सर्वांत लांबवर सांगितली आहे, कारण ती सर्वांत जास्त अडते आणि ती एकदा समजली की बाकीच्या वाटा समजायला वेळ लागत नाही. तळहात आणि मनगट जिथे मिळतात तिथे खाली आणि दोन्ही बाजूंना छोटी हाडं कमानीसारखी बसलेली आहेत, वरून जाड आडवा पट्टा. या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या 9 दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू यांची जाण त्या नसेकडे असते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते, म्हणून ती वाचते. तळहाताच्या बुडाच्या कातडीला जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटलेली असते, म्हणून तीही वाचते. रुग्ण नुसतं ‘हात बधिर होते’ म्हणतो. त्याला एकेक बोट दाखवून विचारा, करंगळीबद्दल वेगळं विचारा. अर्धं निदान तिथेच होतं.

1981 साली अमेरिकेत रिचर्ड गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी हातात मनगट सरळ असताना तो सरासरी 2.5 मिलिमीटर होता. आजारी हातात 32. तोच आजारी हात मनगटातून पुढे वाकवला तर 94, आणि मागे वाकवला तर 110. हे आकडे पाहिले की रात्रीचं कोडं उलगडतं. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली किंवा गालाखाली घेतो आणि आडवं झाल्यावर दिवसभर पायांत उतरलेलं पाणीही वर येतं. दोन्हीमुळे दाब वाढतो, नसेचा रक्तपुरवठा तुटतो, आणि पहाटे जाग येते ती हाताला आग लागल्यासारखी. बाई उठून हात झटकते. मनगट सरळ होतं, रक्त फिरतं, बरं वाटतं. ‘रातच्यानं हात बधिर होते, झटकला का बरं वाटते,’ हे एक वाक्य ऐकलं की आशाताईनं थांबून पुढचे प्रश्न विचारावेत. इतकं नेमकं लक्षण फार थोड्या दुखण्यांना असतं.

ही गोष्ट वैद्यकाला कळायला वेळ लागला. 1854 मध्ये लंडनचे शल्यवैद्य जेम्स पॅजेट यांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याचं मनगटाजवळचं हाड मोडून जुळलं होतं, आणि अंगठा व शेजारच्या बोटांवर काही केल्या न भरणाऱ्या जखमा होत्या. नसेवरचा ताण जाईल अशा रीतीनं मनगट बांधून ठेवलं तेव्हा त्या भरल्या. पट्टी सोडून हात पुन्हा कामाला लागला की जखमा परत येत. 1913 मध्ये फ्रान्समध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी शवविच्छेदनात मनगटाच्या पट्ट्यापाशी चेपलेली आणि त्याच्या वर सुजलेली नस पाहिली, आणि हा पट्टा कापला तर उपयोग होईल असं सुचवलं. 1933 मध्ये जेम्स लिअरमन्थ यांनी अशी शस्त्रक्रिया नोंदवली. जॉर्ज फॅलन यांनी 1950 च्या दशकात हा आजार सर्वसामान्य डॉक्टरांच्या ओळखीचा केला. त्यांच्या नावाची तपासणी खेड्यातही करता येते: दोन्ही हातांचे पंजे खाली लोंबतील अशी मनगटं वाकवायची, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या आणि मिनिटभर थांबायचं. नेमक्या त्या बोटांत मुंग्या आल्या तर दिशा मिळाली. पॅजेट यांच्या रुग्णाच्या जखमा लक्षात ठेवाव्यात, पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

आता हाच हात आपल्या जिल्ह्यात आणून पाहू. सीतादहीची पूजा करून वेचणीला सुरुवात झाली की दिवाळीच्या आगेमागे दिवसच्या दिवस बायका कापसाच्या ओळींत असतात. मजुरी किलोवर. बोंडातला कापूस ओढून घ्यायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लागतं, म्हणजे बरोबर तीच तीन बोटं जी मनगटातल्या या नसेच्या ताब्यात आहेत. चिमूट धरायची, मनगट वळवून ओढायची, ओटीत टाकायची. त्याआधी पावसाळाभर हातात विळा असतो, घरी धुणं, भांडी, भाकरी थापणं असतं. जोरानं आणि वारंवार पकड घेणं, मनगट वाकवून काम करणं यानं हा आजार वाढतो हे माहीत आहे. त्यात थायरॉइड मंदावलेला असेल, साखर असेल, संधिवात असेल, बाई गरोदर असेल किंवा मनगट पूर्वी मोडलेलं असेल तर वाट आधीच अरुंद असते. पुरुषांपेक्षा बायकांत हे दुखणं जास्त आहे. म्हणून बाईच्या कामाचा महिना विचारणं हा तपासणीचाच भाग आहे.

बोंडाच्या वाळलेल्या टरफलांची टोकं सुईसारखी असतात, वेचणाऱ्या बाईची बोटं ओरबाडलेलीच असतात. एक दिवस ती टोचणं कमी होतं. हात रात्री ठणकतही नाही. ती म्हणते, आता बरं आहे. नेमकं तेव्हाच तिचा हात उजेडात धरून पाहिला पाहिजे. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झाला आहे का? दुसऱ्या हाताशेजारी ठेवला की दिसतं. अंगठा तळहातापासून सरळ वर उचलताना जोर लागतो का? डोळे मिटून तर्जनीच्या टोकाला बॉलपेननं हलकेच टेकवलं तर कळतं का? टोचणं थांबलं कारण जाण गेली आणि ठणका थांबला कारण ठणकायला नसेचे जिवंत धागे उरले नाहीत, असं अनेकदा झालेलं असतं. दुखणारी नस वाचवता येते. गप्प झालेल्या नसेबद्दल तेवढ्या खात्रीनं बोलता येत नाही. या पुस्तकात मला सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. दुखणं कमी झालं असं कुणी सांगितलं की ते ऐकून परत पाठवू नका, हात पाहा.

बाकीच्या वाटांपैकी काही इथेच सांगतो. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून जाणारी नस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ती हीच. तिच्यावरही एक पट्टा आहे, कोपर दुमडलं की तो ताणतो. फोन कानाला लावून तासन्‌तास बोलणं, कोपर टेकून बसणं, हात दुमडून झोपणं यानं ती चेपते आणि करंगळी व शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. जांघेतल्या पट्ट्याखालून मांडीच्या बाहेरच्या कातडीला जाणारी नस जाते. घट्ट पट्टा, घट्ट नाडी, वाढलेलं पोट किंवा गरोदरपण यानं ती दबते, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग जळजळतो, बधिर होतो. तिथे स्नायूची ताकद मुळीच जात नाही, कारण ही नस फक्त कातडीची आहे. सिग्मंड फ्रॉइड यांना हे दुखणं होतं आणि त्यांनी 1895 मध्ये त्यावर लिहिलंही. नाडी सैल बांधा, कंबरेच्या हाडावर न रुतेल अशी बांधा, एवढ्यानं पुष्कळांना बरं वाटतं.

पोटाची गोष्ट कमी जणांना माहीत असते. पोटाच्या उभ्या स्नायूच्या कडेला, पडद्यातल्या छोट्या भोकांतून बारीक नसा कातडीकडे बाहेर येतात. तिथे एखादी अडकली तर पोट एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत दुखतं. रुग्ण स्वतःच बोट ठेवून दाखवतो. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं चांगलं येतं आणि दुखणं मात्र तसंच राहतं. 1926 मध्ये कार्नेट या अमेरिकी शल्यवैद्यानं सांगितलेली तपासणी अशी: दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवायचं आणि रुग्णाला डोकं व खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतल्या अवयवाचं दुखणं झाकलं जातं. दुखणं कमी न होता वाढलं तर ते पोटाच्या भिंतीत आहे. अशा जागी भूल देणाऱ्या औषधाचं एक इंजेक्शन निदानही करतं आणि पुष्कळदा उपचारही.

पायाची वाट आपल्या जिल्ह्याला फार जवळची आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बारीक हाडाची गोळी हाताला लागते. तिच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखालून, आणि पुढे स्नायूच्या पडद्याच्या कडेखाली शिरते. पाऊल वर उचलण्याचं काम तिचं. निंदणाला बायका उकिडव्या बसतात आणि तशाच बसून ओळ संपेपर्यंत पुढे सरकतात. गुडघा पूर्ण दुमडलेला, नस एका बाजूनं हाडावर आणि दुसऱ्या बाजूनं पडद्यात दाबलेली. दिवसभर असं बसल्यावर एखादीला उठताना पाऊल उचलता येत नाही, पायाचा अंगठा जमिनीला घासतो, चप्पल गळून पडते. पश्चिमेकडे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत हे इतकं दिसलं की त्या आजाराला स्ट्रॉबेरीचंच नाव पडलं. आपल्याकडे अशा बाईला लकवा झाला म्हणतात, नाहीतर बाहेरचं काही लागलं म्हणतात. उकिडवं बसणं सोडलं तर यातले बरेच पाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. मध्येमध्ये उठणं, पाय लांब करणं, एका गुडघ्यावर टेकणं किंवा बुडाखाली छोटा पाट घेणं हा त्यावरचा साधा बचाव आहे. मजुरी देणाऱ्यानं मात्र उठणाऱ्या बाईला बोलता कामा नये.

इथवर आलं की या जिल्ह्यात लिहिणाऱ्याला कुष्ठरोगाबद्दल लिहावंच लागतं, कारण कुष्ठरोगही नसेला याच जागी गाठतो. कोपराच्या जरा वर, मनगटाच्या जरा वर, गुडघ्याखालच्या बारीक हाडाच्या मानेपाशी, घोट्याच्या आतल्या अंगाला. नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 मध्ये दाखवलेला हा जंतू नसेच्या आवरणपेशींत राहतो आणि त्याला शरीराचा थंड भाग मानवतो. कातडीजवळून जाणाऱ्या नसा थंड असतात, तिथे तो वाढतो. शरीर त्याच्याशी लढायला लागलं की नस आतून सुजते. सुजून जाणार कुठे? तिच्याभोवती तिचं स्वतःचं चिवट आवरण आहे आणि बाहेर हाड व पट्टा यांचा बोगदा. दोन्ही ताणत नाहीत. जंतूच्या हल्ल्यात हा दाब मिसळला की दोघं मिळून नसेला मारतात. म्हणूनच जंतू औषधानं मेल्यावरही, गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाल्यावरही, सुजेच्या प्रतिक्रियेत नस जाऊ शकते.

वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम केलं आणि जगाला पटवलं की बोटं रोगानं झडत नाहीत. जाण गेलेल्या हातानं माणूस चुलीवरचं भांडं उचलतो, विळ्यानं कापून घेतो, घट्ट मुठीनं कातडी फाडतो, आणि दुखत नाही म्हणून तसाच काम करत राहतो. बोटं जातात ती त्या जखमांनी. पॅजेट यांच्या रुग्णाच्या बोटांवरच्या जखमांचं मूळही नसेवरच्या दाबातच होतं, फक्त रोग दुसरा होता. मुंबईचे शल्यवैद्य नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि कुष्ठरोगातली नस नेमकी कशी बिघडते यावर संशोधन केलं. आणि यवतमाळच्या भोवती तर या कामाचं कडंच आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये काम सुरू केलं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये तपोवन उभं केलं. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान 1951 पासून वर्ध्यात आहे. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांचं आनंदवन. इतकी मोठी परंपरा शेजारी असताना आपल्या गावात बधिर चट्टा ‘नायटा असेल’ म्हणून सहा-सहा महिने राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

2005 च्या अखेरीस देशानं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आणलं. तेव्हापासून रोग संपला असा समज पसरला आणि नसा चाचपायची सवय गेली. रोग संपलेला नाही. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात. म्हणून मुंग्यांची तक्रार घेऊन कुणीही आलं तरी दोन गोष्टी कराव्यात. एक, अंगावर फिकट किंवा लालसर, जाण नसलेला चट्टा आहे का ते कपडे बाजूला सारून, उजेडात, मान राखून पाहावं. दुसरी, नस चाचपावी. कोपर अर्धं दुमडायचं, आतल्या हाडामागच्या खाचेत आपल्या बोटांच्या टोकांनी आडवं हलकेच सरकवायचं. दोरीसारखी नस बोटाखालून सुटते. दोन्ही बाजू तुलना करून पाहायच्या. एक जाड लागते का, दाबल्यावर रुग्णाचा चेहरा बदलतो का? बोटं नुसती नसेवर ठेवून रुग्णाच्या तोंडाकडे पाहायचं, हे शिकवताना मी दरवेळी सांगतो. मग करंगळी बाजूला ढकलायला सांगायची, अंगठा वर उचलायला, पाऊल वर उचलायला, आणि आपल्या बोटानं विरोध करून ताकद पाहायची. पाच मिनिटांचं काम आहे.

नस नुकतीच बिघडली असेल, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, तर स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन सूज उतरवता येते आणि गेलेली जाण व ताकद पुष्कळदा परत येते. उशीर झाला की ही संधी कमी होत जाते. कधी ठणका गोळ्यांनी हटत नाही किंवा नसेत पू साचतो, तेव्हा बोगदा आणि नसेचं आवरण उघडून दाब काढावा लागतो. कुष्ठरोगात नस न दुखताही चुपचाप जाते, म्हणून औषधं चालू असलेल्या रुग्णाला दर भेटीत, तक्रार नसली तरी, ही पाच मिनिटांची तपासणी करायची. एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगाच्या औषधांची, पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पाकीट देताना हात पाहिला गेला नाही तर काम अर्धंच झालं.

प्रत्येक मुंगी अडकलेल्या नसेची नसते, हेही तितक्याच जोरानं सांगायला हवं. दोन्ही पाय तळव्यापासून मोजे घातल्यासारखे सारखेच बधिर होत वर चढत असतील तर वाट अडलेली नाही, नसाच आजारी आहेत: साखर, बी-12 ची कमतरता, दारू. आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक विचारायचं, फवारणी. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. काही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांनी, जीव वाचल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, पायांच्या नसा बिघडू शकतात. तेव्हा पंप कधी पाठीवर घेतला होता हे विचारल्याशिवाय पाय बधिर झालेल्या माणसाला टॉनिक लिहून देऊ नये. मान वळवल्यावर खांद्यापासून कळ उतरत असेल तर मणक्याकडे पाहावं. अचानक एका अंगाचा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो मेंदूचा झटका आहे. तिथे तपासण्या करत बसायचं नाही, गाडी काढायची.

उपचाराबद्दल पुढची प्रकरणं सविस्तर आहेत, पण दोन धोके इथेच सांगतो. बधिर हातापायाला शेक देऊ नका. गरम विटेचा, पिशवीचा, वाळूचा शेक जाण असलेल्या माणसाला सुखाचा, आणि जाण नसलेल्याला भाजून काढणारा. कुष्ठरोग आणि साखर, दोन्हींत असे फोड दिसतात. दुसरा धोका जोरदार मालिशचा. प्रावरणी मोकळी करतो म्हणून हल्ली शहरांत खूप काही विकलं जातं. हलक्या हालचालींनी, नस पुढेमागे सरकवणाऱ्या व्यायामांनी काहींना आराम पडतो, हे खरं. पण सुजलेली नस कोपर रुतवून चोळली तर ती आणखी सुजते. गावात ‘नस बसवून’ देणाऱ्यांनाही हे हात जोडून सांगावंसं वाटतं.

मनगटाचं दुखणं नवं असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपणं हा पहिला उपाय. महागडा लागत नाही, फूटपट्टीएवढी लाकडी चीप मऊ फडक्यात गुंडाळून तळहाताकडून मनगटाला सैलसर बांधली तरी चालतं. दीड-दोन महिने नेमानं बांधायची. त्यानं भागलं नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन अनेकांना काही महिन्यांची सुटका देतं. थायरॉइड आणि साखर तपासायची ती याच वेळी. अंगठ्याचं बूड सपाट व्हायला लागलं असेल, बधिरपणा दिवसाही राहत असेल तर वाट पाहायची नाही. पट्टा कापायची शस्त्रक्रिया तेवढीच जागा बधिर करून होते, अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रात्रीचा ठणका बहुतेकांचा पहिल्या काही दिवसांतच थांबतो. बधिरपणा मात्र हळू जातो, कारण तुटलेला धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला त्याला महिने लागतात. हे आधीच सांगितलं तर ‘ऑपरेशन फसलं’ असं कुणी म्हणत नाही.

टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात, पण घट्ट पकडीचं काम महिना-दीड महिना बंद. इथेच गाडी अडते. वेचणीच्या हंगामात दीड महिन्याची मजुरी सोडणं बाईला परवडत नाही, आणि घरातलं धुणं-भांडी दुसरं कुणी उचलत नाही. ती ‘होळीनंतर पाहू’ म्हणते आणि होळीनंतर लग्नसराई येते, मग पेरणी. म्हणून सल्ला देताना शस्त्रक्रियेची गरज आणि तिचा महिना दोन्ही एकाच बैठकीत ठरवा. नवऱ्याला, सासूला, मोठ्या मुलाला समोर बसवा. दोन्ही हात दुखत असतील तर आधी कुठला, ते तिलाच विचारा. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीत ‘हात दुखतो’ एवढंच लिहू नका. कुठली बोटं, किती महिने, रात्री जाग येते का, अंगठ्याचं बूड सपाट आहे का, चट्टा आहे का, कोपरामागची नस जाड लागली का, एवढं लिहा. तशा चिठ्ठीचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. तो फाडून घेता यावा म्हणून त्या पानाची मागची बाजू कोरी सोडली आहे.